खुनी ठरवायचा राहिला

खुनी कोण हे आधी ठरवायचंच नाही, असं मी ठरवलं. लग्नानंतर मी स्वतःच्या डोक्याने घेतलेल्या दोन निर्णयांपैकी हा एक. (दुसरा चष्म्याच्या फ्रेमचा. ती हिने दुसऱ्याच दिवशी बदलून आणली.)

आता असं का ठरवलं ते सांगतो. आमच्या हिच्यापासून खुनी लपत नाही. वाचनालयातून रहस्यकथा आणते, भाजी शिजत टाकते, पहिली दोन प्रकरणं वाचते आणि पातेल्यावरचं झाकण उचलता उचलता म्हणते, "माळी." मग मी ते पुस्तक जीव मुठीत धरून शेवटपर्यंत वाचतो आणि शेवटी माळीच निघतो. एकदा चिडून विचारलं, "तुला कळतं तरी कसं?"

"त्यात काय? लेखक ज्याच्याबद्दल उगाच गोड बोलतो, तो. तुम्ही नाही का, बरणी फोडलीत की त्या दिवशी आमटीची तारीफ करता."

अशा बाईच्या घरात राहून रहस्यकथा लिहायची म्हणजे मांजराच्या देखत दूध लपवण्यासारखं. खुनी मला माहीत असता तर भात शिजायच्या आत तिने तो माझ्या तोंडावर वाचला असता. म्हणून मी शक्कल लढवली. जे मलाच माहीत नाही, ते ही माझ्या तोंडावर काय वाचणार, कपाळ?

आणि मी लिहायला लागलो ते वाचनालयाच्या बाईंमुळे. आमचं गाव म्हणजे रस्ता संपतो तिथे. मागे डोंगर, पुढे समुद्र, आणि समुद्राची लहर असेल तेव्हा येणारी बोट. मी बंदर कचेरीत कारकून. कोण आलं, कोण गेलं, भरती किती, ओहोटी किती, हे सुवाच्य अक्षरात लिहिणं हे माझं काम. वाचनालयातली सगळी पुस्तकं सगळ्यांची वाचून झाली होती, नवी येत नव्हती, आणि लोक यायचे बंद झाले होते. बाई मला म्हणाल्या, "तुमचं अक्षर इतकं सुंदर आहे, तुम्हीच का नाही एखादी कादंबरी लिहीत? दर शनिवारी संध्याकाळी एक प्रकरण वाचून दाखवा." (अक्षर चांगलं असणं आणि लेखक असणं ह्या आमच्या गावात दोन वेगळ्या गोष्टी मानत नाहीत. मीही मानत नव्हतो.)

तर कादंबरी अशी. एका आडबाजूच्या बंदराच्या गावी बर्फाच्या कारखान्याचा मालक बंद पडलेल्या दीपगृहात मरून पडतो. पाठीत सुरा, दाराला बाहेरून कुलूप. शहरातून बोटीने एक खाजगी गुप्तहेर येतो. कोटाच्या खिशात कायम भिंग, म्हणून लोक त्याला भिंगच म्हणतात. आणि ही सगळी हकीकत सांगतो कोण, तर भिंगचा मदतनीस, बंदर कचेरीतला एक साधाभोळा कारकून. दुसऱ्या कोणाच्या तोंडून सांगायची म्हटलं तर मला त्या माणसाच्या कचेरीची माहिती हवी ना.

गावही मी आमचंच घेतलं, दुसरं पाहिलंय कुठे? खारट वाऱ्याने गंजलेल्या बिजागऱ्या, डांबराचा वास, वाळत घातलेली जाळी, धक्क्याकडे जाणारा उतार. संशयितही हाताशी होते ते घेतले. वस्तऱ्याला धार लावत बसणारा सलूनवाला. कपाटाला कुलूप लावून किल्ली गळ्यात ठेवणारा डॉक्टर. वजन करताना हसणारा किराणावाला. हात न धुता जेवणारा इंजिन दुरुस्तीवाला. ओळखू येऊ नयेत म्हणून मी सलूनवाल्याच्या मिशा डॉक्टरला लावल्या आणि डॉक्टरांचा खोकला किराणावाल्याला दिला. केवढी हुशारी!

माझी चूक इथेच झाली, पण ती तेव्हा कळली नाही. मोठ्या शहरात बसून सलूनवाल्याची नजर खुनशी आहे असं लिहिलं तर शहरातल्या प्रत्येक सलूनवाल्याला वाटतं, हा पलीकडच्या गल्लीतला. आमच्या गावात सलून एक. डॉक्टर एक. किराणा दुकान एक. इंजिनं दुरुस्त करणारा एक, आणि तो माझा सख्खा मेव्हणा.

पहिले काही शनिवार मात्र माझे होते. शाळेतून बाकं आणावी लागली. प्रकरण संपलं की माणसं टाळ्या वाजवत. बाईंच्या तोंडावर मी इतका आनंद कधी पाहिला नव्हता. मी खिशात हात घालून चालायला लागलो. घरी आलो की सहज विचारल्यासारखं विचारायचो, "काय मग? कोण वाटतो?"

बटण शिवता शिवता ही म्हणायची, "छे बाई, ह्या वेळी काही पत्ता लागत नाही."

पत्ता लागत नाही! हिला! त्या आनंदात मी आमटी तीनदा मागून घेतली. (बरणी न फोडता.)

मग एका सकाळी दाढीला गेलो. तोंडाला फेस, मान मागे, वस्तरा गळ्याशी. सलूनवाला म्हणाला, "काय लेखक, खुनी कोण?"

"ते... आत्ताच सांगता येणार नाही."

"नका सांगू. आपलं सहज विचारलं. तुमचा तो सलूनवाला अंधारात धार लावत बसतो म्हणे. मी उजेडातच लावतो." वस्तरा थांबला. "मान जरा आणखी वर."

"सलूनवाला निर्दोष आहे," मी छताला सांगितलं.

"शब्द?"

"शब्द."

त्याच आठवड्यात घसा धरला म्हणून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जीभ चमच्याने दाबली आणि शांतपणे म्हणाले, "माझं म्हणणं एवढंच, की डॉक्टर खुनी निघाला तर ह्या गावात कोणी विश्वासाने औषध घेणार नाही. तुम्हीसुद्धा. काय?" मी म्हणालो, "आ." त्यांनी तो होकार धरला. किराणावाल्याने तर काहीच विचारलं नाही. तो हसला, पुड्यात मापाबाहेर साखर घातली, आणि पुन्हा हसला. मी म्हणालो, "तुम्हीही नाही हो!"

राहिला मेव्हणा. तो घरी आला, चक्क हात धुऊन बसला आणि म्हणाला, "दाजी, माझं जमतंय."

"काय जमतंय?"

"लग्न. बोटीच्या तांडेलांची मुलगी. मला ती आवडते, तिला मी आवडतो. फक्त तिचे वडील म्हणतात, आधी शेवटचं प्रकरण ऐकू दे. शनिवारी पुढच्या बाकावर बसणार आहेत." त्याने धुतलेले हात माझ्यापुढे धरले. "दाजी, मी खून केलेला नाही ना?"

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं एकदम थांबलं. हिचा जीव आहे भावावर. मीही त्याला अंगाखांद्यावर खेळवलेला. "वेडा का काय," मी म्हणालो, "तू कसला खून करतोस!"

तो गेला आणि माझ्या ध्यानात आलं, की गावात आता खुनी म्हणून कोणी उरलेलाच नाही. आत्महत्येचा विचार केला, पण सुरा पाठीत होता. भिंगवर ढकलावं म्हटलं, तर तो खुनानंतरच्या बोटीने आलेला, शिवाय वाचनालयाच्या बाईंनी बजावून ठेवलं होतं, "भिंगला काही झालं तर तुमचं कार्ड रद्द." आणि बाहेर पाटी लागली होती: उद्या शेवट. पाटी मीच रंगवली होती, सुंदर अक्षरात.

शेवटी शुक्रवारी जेवताना मी हिच्यापुढे हात टेकले. "अगं, मला खुनी माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी ठरवलाच नाही. तुला ओळखता येऊ नये म्हणून."

उतू गेलेल्या दुधाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि मी वेडी इतके शनिवार मनात म्हणत होते, काय बाई डोकं चालतंय ह्यांचं! पहिल्यांदाच असा लेखक भेटला की ज्याचा थांग लागत नाही."

हे मला फार लागलं. इतक्या वर्षांत तिने माझं कौतुक केलं तेही मनात, आणि मला कळलं ते परत घेताना.

"मग आता गं?"

"आता काय! मागच्या शनिवारी मला खुनी सापडला."

"सापडला? माझ्या कादंबरीत? कोण?"

"उद्या सांगेन. आत्ता सांगितलं तर तुमच्या तोंडावर दिसेल आणि सकाळपर्यंत गावभर होईल. भात घ्या."

शनिवारी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या बाकावर तांडेल हाताची घडी घालून बसलेले. सलूनवाला, डॉक्टर, किराणावाला, तिघांनीही मला ओळखीची मान हलवली. मेव्हणा खांबाला धरून उभा. माझ्या हातात कोरे कागद. मी उठणार तोच ही उठली.

"ह्यांचा घसा बसलाय," ती म्हणाली. "शेवटचं प्रकरण मी सांगते." (घसा ठणठणीत होता. हे ऐकून बसला.)

"मला सांगा, ही हकीकत सांगतो कोण?"

"कारकून!" लोक म्हणाले.

"खून झाला तेव्हा तो कुठे होता?"

"घरी! तापाने पडला होता!"

"कोण म्हणतं?"

लोक घुटमळले. "तोच म्हणतो."

"बरं. दुसऱ्या प्रकरणात दीपगृहाचं कुलूप अजून फोडलेलं नाही. मग आतली खुर्ची डुगडुगते, हे त्या कारकुनाला कसं ठाऊक?"

ती खुर्ची माझ्या कचेरीतली होती. रोज तिच्यावर बसतो, लिहिण्याच्या भरात दीपगृहात नेऊन ठेवली, आणि कुलूप साफ विसरलो.

"पहिल्या प्रकरणात तो छत्री घेऊन निघतो. चौथ्यात एक छत्री दीपगृहात सापडते. ती कोणाची, हे भिंगने विचारलं? एकानेही विचारलं?"

(छत्रीही मी विसरलो होतो. छत्र्या मी विसरतोच.)

"पण हेतू काय?" डॉक्टर पुढे सरकले.

"पहिल्याच पानावर आहे. मालक रोज कचेरीत यायचा, कारकुनाच्या खुर्चीत बसायचा आणि त्याला उभा ठेवायचा. वर्षानुवर्षं. आणि सगळ्यांकडे बोट कोणी दाखवलं? सलूनवाल्याचा वस्तरा, डॉक्टरांची किल्ली, किराणावाल्याचं हसू, मेकॅनिकचे हात, हे सगळं आपल्याला दाखवलं ते त्यानेच. बोट दाखवणाऱ्याकडे कोणी बघत नाही."

मी हिच्याकडे बघतच राहिलो. जिथे जिथे मी घोडचूक केली होती, तिथे तिथे हिने खुनी उभा केला होता. माझ्या विसराळूपणाचा असा बेमालूम कट झालेला पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. केवढी बाई! आणि ही माझी बटणं शिवते!

तेवढ्यात सलूनवाला उठला. "वहिनी, सगळं जुळतं. पण एक गोष्ट पटत नाही."

"कोणती?"

त्याने माझ्याकडे बघून मान हलवली. "ह्यांच्याच्याने होणार नाही."

"खरंच की!" सगळं वाचनालय एकदम म्हणालं. डॉक्टर म्हणाले, "सुई पाहिली तरी घेरी येते ह्यांना." किराणावाला म्हणाला, "दोन जिनसा न्यायला येतात, एक विसरतात. एवढा बेत कसा पार पाडतील?" तांडेल पहिल्यांदाच बोलले, "गाठ सुटत नाही ह्यांना दोरीची. मी बघतो ना धक्क्यावर." आणि मेव्हणा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो म्हणाला, "दाजींनी पकडलेला उंदीरसुद्धा बिस्कीट देऊन सोडला होता."

मला राहवलं नाही. मी ताडकन उठलो. "का नाही होणार? मनात आणलं तर मी कोणाचाही खून करू शकतो!"

सगळे हसले. प्रेमाने हसले, हे जास्त वाईट.

"बरोबर आहे तुमचं," ही म्हणाली, "कोणालाच पटणार नाही. म्हणून तर तो इतके शनिवार सुटला. ह्याच्याच्याने काडीचं काही व्हायचं नाही अशी सगळ्या गावाची खात्री, त्याच्याइतका निर्धास्त खुनी दुसरा कोण?"

मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की खिडक्यांच्या गंजलेल्या बिजागऱ्या वाजल्या. वाचनालयाच्या बाईंनी हिला मिठी मारली. तांडेल उठले, मेव्हण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ज्या पोराची बहीण अशी, त्या घरात माझी पोर सुखात राहील." सलूनवाला, डॉक्टर, किराणावाला तिघेही माझा हात हातात घेऊन म्हणाले, "वहिनींना सांगा, कमाल केली."

नव्या कादंबरीची पाटी आता लागली आहे. बाईंनी मजकूर दिला, रंगवली मी: 'कथा: वहिनी. अक्षर: वहिनींचे यजमान.' ही कणीक मळता मळता सांगते आणि मी लिहून घेतो. खुनी कोण ते ती मला सांगत नाही, तोंडावर दिसेल म्हणून. म्हणजे खुनी माहीत नसताना कादंबरी लिहिणं माझं चालूच आहे.

परवा धीर करून म्हटलं, "नावं नको सांगूस. पण निदान ह्या वेळी माझ्यावर संशय तरी आहे ना?"

"नाही हो," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा लोकांना पटायचं नाही."