पखवाजाचा विमा आणि माझी सही

विम्याचा फॉर्म स्वतः वाचून, स्वतः भरून, खाली स्वतः सही ठोकणारा आमच्या रिहे गावातला पहिला म्हातारा मीच! हे मी वर्षभर एवढ्या वेळा सांगितलं, की माझी बायको गोजराबाई मी तोंड उघडताच कानावर पदर ओढायची. पण माझंही ऐका. बासष्ट वर्षं अंगठा उठवला. मग साक्षरतेच्या वर्गाला बसलो आणि सुटलोच! एसटीची पाटी, गोळ्यांचं पाकीट, खताची गोणी, काही सोडलं नाही. म्हणून विम्याचा एजंट नरहरी पखवाजाचा फॉर्म घेऊन आला, तेव्हा मी त्याच्या हातातलं पेनच काढून घेतलं.

"आबा, मी भरतो की."

"का? मला येत न्हाई व्हय?"

पखवाज माझ्या वडिलांचा, शिसवी खोडाचा. गावच्या भजनाला तोच आणि दर शनिवारी धरणाकडच्या रिसॉर्टवरही तोच. तिथं पुण्याचे पाहुणे भरीत-भाकरी खाता खाता आमचे अभंग ऐकतात.

फॉर्ममध्ये प्रश्न होता, 'वाद्य मोबदला घेऊन वाजवता काय?' मी विचार केला. आमच्या मंडळाचा नियम जुना. वाजवणाऱ्यानं पैशाला हात लावायचा नाही. पाकीट असो, नोट असो, ती पखवाजावर ठेवायची. नंतर पेटीवाला एकनाथ ते उचलतो आणि ज्याचा वाटा त्याच्या घरी पोचवतो. म्हणजे पैसे घेतो कोण? पखवाज! मी थोडाच घेतो? ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'नाही'.

आता खरी कटकट. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतात, म्हणजे आवाज घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. त्या शनिवारी माझ्या कमरेत उसण भरली होती. कणीक तशीच ठेवून पखवाज ओट्यावर टेकवला आणि मी आडवा झालो.

सकाळी बघतो तर आमच्या शेळीनं कणीक खाल्ली होती. चव लागली म्हणून कातडंही खाल्लं होतं. आत आणखी काही आहे का बघायला तिनं तोंड घातलं होतं आणि ते अडकलं होतं! मला बघून ती बिथरली आणि पखवाजासकट ओट्यावरून खाली आली. शेळीला खरचटलंसुद्धा नाही. खोड मात्र सरपणासारखं उभं चिरलं.

दुपारी एकनाथ समाचाराला आला. "आबा, शनिवारपातुर नवा पखवाज झाला तर बरं. न्हाईतर माझ्या मोबाइलात हाय एक. त्याला कणीक बी लागत न्हाई!"

चाळीस वर्षांची माझी जागा, आणि तिथं मोबाइल! आता सगळी भिस्त विम्यावर.

बुधवारी विमा कंपनीकडून पाहणीला नम्रता मॅडम आल्या, बरोबर नरहरी. मॅडमनी पखवाजाचा फोटो काढला, ओट्याचा काढला, शेळीचा दोन्ही बाजूंनी काढला.

"शेळीनं केलेलं नुकसान पॉलिसीत बसतं," त्या म्हणाल्या. मला शेळीच्या गळ्यात हार घालावासा वाटला! "फक्त वाद्य घरगुती वापराचं आहे ना?"

"घरचंच. देवाचं."

तेवढ्यात गोजराबाई चहा घेऊन आली. "देवाचं कुटलं, मॅडम! दर शनिवारी रिसॉर्टची गाडी येती न्यायला! लई मान हाय यांचा तितं!"

मी खोकलो.

"खोकला झालाय व्हय? आलं घालू का च्यात?"

मॅडमनी कप खाली ठेवला. "आजोबा, तिथं पैसे मिळतात?"

"मी हात बी लावत न्हाई!"

"मग कोण घेतं?"

"पखवाज."

नरहरीनं कपाळाला हात लावला. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "विमा पखवाजाचाच आहे, आजोबा. तुमचा नाही. कमावणाऱ्या वाद्याची पॉलिसी वेगळी असते."

"तरी मी म्हणत हुतो, मी भरतो," नरहरी पुटपुटला. "हप्ता जरासा वाढला असता. नवा पखवाज आला असता!"

मला एकच वाट दिसली. गळा जड करून म्हणालो, "मॅडम, अडाणी मानूस मी. लिवलेलं कळलं न्हाई."

मॅडमनी फॉर्म माझ्यासमोर धरला. तळाशी छापलं होतं, 'वरील मजकूर मी स्वतः वाचला आहे.' त्याखाली माझी सही. झोकदार! खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं!

"अडाणी कशाला म्हणता स्वतःला?" गोजराबाईला माझा अपमान सहन झाला नाही. "समदं सवताच वाचलं यांनी, मॅडम! वरीसभर गावाला सांगत्यात!"

मॅडमनी एक कागद पुढं केला. 'दावा मंजूर होत नाही, हे मला वाचून समजले.' एकेक अक्षर समजलं. काय करायचंय असलं समजून! शनिवारी माझ्या जागेवर घडी घातलेलं घोंगडं आणि त्यावर एकनाथचा मोबाइल, हे डोळ्यांसमोर दिसायला लागलं.

मी पेन बाजूला सारलं आणि डावा अंगठा पुढं केला.

"अहो, अंगठा कशाला, आजोबा?" मॅडम हसून म्हणाल्या. "सही किती सुंदर आहे तुमची!"