निष्ठारत्न दानम्मा सिस्टर यांनी खुर्ची सर केल्याची हकिकत

हुजूर, खुर्ची तुम्हीच नेलीत. हे आधी लिहिले, बाकीचे मागून. भिऊनच लिहायचे तर बखर कशास, तुमच्या दवाखान्याची जाहिरात लिहिली असती. ती लिहिणारास चहा तरी मिळतो.

तर ऐकावे. गोदावरीचे उत्तर तीरी नांदेड शहर, तेथे हुजुरांचा खासगी दवाखाना, तीन मजली, दर्शनी काच, जिन्यात ‘आपण सारे एक परिवार’ ऐसा फलक. दुसरे मजल्यावर जनरल वॉर्ड, आणि त्या वॉर्डाच्या किल्लेदार दानम्मा सिस्टर, माहेर-सासर दोन्ही उदगीर, आवाज ऐसा की त्यांनी येथे दटावावे आणि तिसरे मजल्यावरच्या पेशंटाने गोळी गिळावी.

त्या किल्ल्यात काउंटरामागे एक खुर्ची होती. काळे रेक्झिन, डावा हात मोडका, त्यास चिकटपट्टी गुंडाळलेली. सिस्टर मंडळींनी धावावे आणि मग क्षणभर तीवर टेकून पेशंटांचे ताप-बीपी लिहावे, ऐसी वहिवाट. परंतु एके दिवशी हुजुरांनी आपले दालनात गुबगुबीत आसनावर बसून कॅमेऱ्याचे पडद्यावर दानम्मांस बसलेले पाहिले आणि खप्पा मर्जी जाहली. फर्मान सुटले की, बसलेली सिस्टर पाहून नातेवाइकांस वाटते येथे काम नाही, सबब खुर्ची जप्त. मग व्यवस्थापक वैजनाथराव यांनी खुर्ची कैद करून आपले खोलीत नेली आणि तीवर आपला जेवणाचा डबा ठेवते जाहले. डब्यास बसण्याची मुभा, सिस्टरीस नाही.

पुढे दानम्मांचे पाय ऐसे सुजले की ड्यूटीचे बूट जाईनात, आणि घरधनी मलप्पा यांच्या चपला घालून त्या वॉर्डात फिरू लागल्या. अखेर एके दुपारी त्यांनी शिवानी आणि बुद्धप्रिया या दोन्ही तरुण सरदारांस औषधांच्या खोलीत बोलावून मनीचे सांगितले.

“पोरींनो, पाय साथ देईनात बघा. उदगीरचा एक छोटा दवाखाना बोलावून राहिलाय. रविवारनंतर मी न्हाई.”

ऐकताच शिवानी ढसाढसा रडली. निम्मी मायेने आणि निम्मी वॉर्ड आपल्या गळ्यात पडणार या धास्तीने. बुद्धप्रिया रडली नाही. तिने कंबर कसली.

मग मोहिमा निघाल्या. पहिली स्टुलाची. कंधारचे अर्जुनराव हर्नियाचे ऑपरेशन होऊन निजले होते, त्यांच्या खाटेजवळचे स्टूल मागितले. त्यांच्या कुटुंबाने दिले, पण मग दर घटकेस “झालं का वं सिस्टर बसून?” ऐसा तगादा लावला, तो सोसवेना. दुसरी मोहीम सलाइनच्या खोक्यांची. खोक्यांचा बुरूज रचला आणि शिवानी वर बसली आणि बुरूज ढासळला आणि सरदार कमरेपावेतो खोक्यात गेली. वॉर्डबॉय बजरंगमामांनी तिला ओढून काढले. हाय खाऊन सर्व उभे राहिले. तसेही उभेच होते.

ऐशा समयी हुजुरांस लहर आली की, परिवाराच्या निष्ठेचा गौरव व्हावा. दानम्मांस ‘निष्ठारत्न’ किताब द्यावा, रविवारी, वॉर्डातच, पेशंट मागे दिसावेत, आणि मोबाइलवरून दवाखान्याच्या फेसबुक पानावर सर्व थेट दाखवावे. पगारवाढीचा उल्लेख फर्मानात नव्हता.

आणि येथेच हुजूर चुकले. आपल्या मुलखात सत्कारमूर्तीस उभे ठेवून शाल घालणे म्हणजे अपमान. चारचौघांत बसवावे लागते. मग आसनाचा शोध सुरू जाहला. ओपीडीतल्या लोखंडी खुर्च्या तीन-तीन एकमेकींस जोडलेल्या, त्या जिन्यातून वर येईनात. हुजुरांची खाशी खुर्ची हुजुरांस देववेना. तेव्हा वैजनाथरावांनी नाइलाजे आपला डबा उचलला आणि कैदी मोकळा केला आणि वर पांढरी चादर घातली. बजरंगमामा ती डोईवर घेऊन वॉर्डात शिरले, तो चादरीखालून चिकटपट्टीचा हात डोकावला. बुद्धप्रियेने ओळखले आणि शिवानीस चिमटा काढला.

दानम्मा बसल्या. बसताच टाचांतला ठणका उतरला आणि डोळे भरून आले. हुजुरांस वाटले, निष्ठेने आले. मग शाल जाहली, श्रीफळ जाहले, आणि हुजुरांनी निष्ठेवर लांबलचक भाषण केले, आणि लातुरास लग्नाला जायचे म्हणून घड्याळ पाहिले. वैजनाथरावांनी खुर्ची उचलण्याची खूण केली. तोच दानम्मा शाल सावरून वदल्या, “सत्काराला उत्तर द्यायचं हाय की, सर.”

उत्तरावाचून सत्कार पुरा होत नाही, आणि मोबाइल सर्व दाखवीत होता, आणि अर्जुनराव खाटेवरून गरजले, “बोलू द्या बाईला!” गरजल्याने टाके ताणले, तरी गरजले. हुजूर लातुराकडे कूच करते जाहले.

मग दानम्मांनी आभारास आरंभ केला. हुजुरांचे मानले, वैजनाथरावांचे मानले, त्यांच्या डब्याचे मानले. मग खाटांवर आल्या. “पहिल्या खाटेवरच्या आजींचे आभार, अन् आज्जी, हात वाकडा करू नका, सुई निघल. दुसऱ्या खाटेचे आभार, अन् बुद्धप्रिया, त्यांची सलाइन संपली बघ.” येणेप्रमाणे भाषणही चालले आणि वॉर्डही चालला. मध्ये एका पेशंटास उलटी जाहली आणि दानम्मा उठल्या आणि वैजनाथराव झेपावले, पण त्यांच्याआधी शिवानी खुर्चीत पडली आणि म्हणाली, “सिस्टरच्या वतीने मी आभार मानून राहिले, साहेब.” वैजनाथराव मोबाइलाकडे पाहून हसले. ते हसू पाहवत नव्हते.

संध्याकाळी पाळी बदलली. सिस्टर लोकांची शिस्त ऐसी की, चार्ज दिल्याघेतल्यावाचून कोणी घरी जात नाही. दानम्मांनी रीतसर चार्ज दिला: सातव्या खाटेला ताप, नववीचे ड्रेसिंग बाकी, आणि “आभार अर्जुनरावांपर्यंत झालेत, म्होरचे तू मान.” बुद्धप्रियेने जोडपाळी पत्करून चार्ज घेतला, खुर्चीसकट. पाळीमागून पाळी आली आणि आभार संपेनात.

दुसरे दिवशी सकाळी वैजनाथराव डबा हातात धरून, डबा ठेवण्यास जागा नाही ऐसे म्हणत, तहास आले. तह ठरला तो ऐसा: खुर्ची वॉर्डाची. सिस्टर मंडळींनी आभार थांबवावेत. डबा खिडकीत राहावा.

मग दानम्मांनी उदगीरास फोन लावून कळविले, “न्हाई येत.” आणि बसल्या बसल्या बूट घालून पाहिला. गेला नाही. जाईल.

येणेप्रमाणे खुर्ची एक, हात मोडका, फत्ते होऊन वॉर्डाच्या दौलतीत दाखल जाहली. आता हुजूर, एकच विचारणे आहे. ज्या कॅमेऱ्यात बसलेली सिस्टर तुम्हांस दिसली, त्याच कॅमेऱ्यात नवऱ्याच्या चपला घालून फिरणारी तीच सिस्टर कशी दिसली नाही? जबाब द्यावा. वॉर्ड बसून ऐकेल.