शेवटपर्यंत न येणारी गाय

डब्लिनमध्ये बाहुल्यांच्या खेळात साहित्य आणणारा पहिला माणूस मीच! निदान त्या दिवशी सकाळपर्यंत माझा तसाच समज होता.

आमच्या खेळाला पुढच्या वर्षी अनुदान द्यायचं की तो बंद करायचा, हे हॅल्पिनबाई ठरवणार होत्या. बाई आमच्या एका थोर दिवंगत नाटककाराच्या भक्त. त्याच्या नाटकात दोघं झाडाखाली कुणाची तरी वाट बघतात आणि तो शेवटपर्यंत येत नाही. झालं! माझा बोकड आणि माझा जोडीदार डेक्लन याची मेंढी, दोन्ही बाहुल्या झाडाखाली बसवल्या. वाट कुणाची? ब्रिडी गायीची!

"म्हणजे मी काय करायचं?" गाय नाचवणाऱ्या नोरीनने विचारलं.

"यायचं नाही."

"वीस वर्षं गाय नाचवतेय मी!"

"तेच तर! न येणं हीच मुख्य भूमिका आहे!"

ती पाय आपटत आत चहा प्यायला गेली.

खेळ सुरू झाला. पहिल्या रांगेत हॅल्पिनबाई, मागे दोनशे पोरं. आम्ही पडद्याआड उकिडवे, हात वर. समोरचं काही दिसत नाही.

"ब्रिडी आली का रे?" मेंढीने विचारलं.

"नाही," माझा बोकड उसासला. शांतता. काय शांतता! मला स्वतःचाच अभिमान वाटला.

तेवढ्यात पोरं ओरडली, "मागे बघ! मागे!"

आता नाताळच्या नाटकांत आमची पोरं हेच ओरडतात आणि नटाने "कुणी नाही!" म्हणायचं, हा रिवाजच. मीही म्हटलं, "कुणी नाही!"

"आहे!"

"नाही!"

"आहे!!" छत उडायची वेळ आली. एक पोरगं तर रडायलाच लागलं.

"काहीतरी गडबड आहे," डेक्लन कुजबुजला.

"गप रे! रंगलंय!" मी म्हणालो आणि त्याच क्षणी पाठीत कोपर बसलं. माझा बोकड थेट हॅल्पिनबाईंच्या मांडीवर!

वर बघतो तर ब्रिडी!

"पोरं ब्रिडीची वाट बघतायत," नोरीन दातओठ खात म्हणाली, "आणि मी चहा पीत बसू?"

संपलं! अनुदान गेलं, साहित्य गेलं, नोकरी गेली. मी पडद्याबाहेर आलो तर हॅल्पिनबाई डोळे पुसत होत्या.

"चाळीस वर्षं ते नाटक बघतेय मी," त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा कुणीतरी आलं हो!"

अनुदान तिथल्या तिथे मंजूर! गाय हवीच, मेंढीही हवी.

"आणि बोकड?" मी विचारलं.

"त्याचं कळवते," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी वाट बघतोय.