रत्नपारखी सरांची सावली

शस्त्रक्रियागृहातल्या मोठ्या दिव्याखाली सावली पडत नाही, त्यामुळे जिल्ह्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सर्जन आत गेले की त्यांच्या सावल्या दाराबाहेरच्या बाकावर बसून राहत. पूर्वी त्या नुसत्याच बसत. पुढे एका अधिष्ठात्यांना त्यांचं रिकामं बसणं पाहवेना. ज्या विद्यार्थ्यांना सर्जन व्हायचं आहे त्यांना मार्गदर्शन करण्याचं काम त्यांनी सावल्यांकडे सोपवलं. सर्जनांना वेळ नसतो आणि सावल्यांना असतो, हे त्यांचं म्हणणं कुणालाच खोडून काढता आलं नाही.

अडचण आली ती फक्त हाक मारण्याची. सावलीला 'सर' म्हणायचं की 'मॅडम', यावर बैठकीत पुष्कळ काथ्याकूट झाला. शेवटी म्हणायचं 'सर'च, पण क्रियापद स्त्रीलिंगी लावायचं असं ठरलं. "रत्नपारखी सर आल्या का?" असं कुणी विचारलं तर सावलीची चौकशी आहे असं धरायचं, आणि "आले का?" म्हटलं तर खुद्द सरांची.

निशिगंधा ठोंबरे इंटर्न होती, आणि तिच्या वाट्याला शल्यविभागाचे प्रमुख डॉ. रत्नपारखी यांची सावली आली. मैत्रिणींना तिचा हेवा वाटला. निशिगंधाला मात्र पहिल्याच दिवशी संशय आला. तिला तो लवकरच येत असे. रिक्षात बसली तरी रिक्षा बरोबर रस्त्याने चाललीय ना हे ती डोकं बाहेर काढून बघायची. शिवाय आजवर जो भेटला त्याने तिला त्वचारोग घ्यायला सांगितलं होतं. मुलीच्या जातीला बरं, रात्री-अपरात्री बोलावणं नाही, संसारही होतो. सर्जरी हवी म्हणणाऱ्या मुलींना गोड बोलून वाटेवरून बाजूला काढण्यासाठीच ही सावली नेमलेली असावी, असं तिने मनाशी धरलं.

सावली भिंतीवरून शिकवायची. बाकाच्या दांड्याला धागा बांधून गाठी मारायच्या, केळ्याच्या सालीवर टाके घालायचे. तिचा आवाज हळू होता, बंद दारापलीकडून कुणी बोलावं तसा.

"धागा एवढा ओढू नकोस. माणूस आहे असं समज," सावली म्हणायची.

"तसंच समजतेय, सर."

"मग त्याला दुखतंय असंही समज."

एवढ्यावर तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण एके दिवशी निशिगंधाच्या हातातली साल टराटरा फाटली आणि सावली म्हणाली, "छान. अगदी सफाईदार."

निशिगंधाने फाटक्या सालीकडे पाहिलं. मग सावलीकडे पाहिलं. सावली तिच्याकडे बघतच नव्हती. तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत होती.

हे पुन्हा पुन्हा होऊ लागलं. गाठ सुटली की "वा!", सुई वाकडी गेली की "जमलं." चांगला टाका पडला की मात्र चकार शब्द नाही. हा टोमणा असावा, नाहीतर तिला गाफील ठेवून शेवटी प्रतिकूल शेरा मारायचा बेत असावा. निशिगंधा रोज घरी जाऊन यावर विचार करी आणि रोज त्याच ठिकाणी येऊन थांबे.

त्याच सुमारास वॉर्डात लोचनाबाई पडोळे दाखल झाल्या. त्यांचा बांगड्या भरण्याचा धंदा होता, आणि पित्ताशयात खडे झाले होते. निशिगंधा रक्त काढायला गेली तेव्हा त्यांनी तिचंच मनगट पकडलं आणि पिरगाळून उलटसुलट पाहिलं.

"हात तं नरम हाय तुझा," त्या म्हणाल्या. "माह्यं पोट कोन चिरणार हाय, खरं सांग माय. मोठा डॉक्टर म्हणून सांगतेत अन् पोरंसोरं चिरतेत, मले मालूम हाय सगळं."

"मोठे सरच करणार, मावशी. मी शब्द देते."

शब्द देताना तिला काहीच वाटलं नाही. पण दुपारी बाकावर बसलेली असताना तिने पाहिलं, भिंतीवरच्या सावलीचा उजवा हात थरथरत होता. बारीक, पण सारखा. पानावर पाणी ठिबकत असलं की पान हलतं तसा.

"सर, तुमचा हात हलतोय."

"ट्यूब लुकलुकतेय," सावली म्हणाली आणि हात खिशात घातला.

निशिगंधाने मान वर करून बराच वेळ ट्यूबकडे पाहिलं. ट्यूब अजिबात लुकलुकत नव्हती.

आता तिची झोप उडाली. सावली माणसाप्रमाणेच हलते, हे तर शाळेतल्या पोरालाही कळतं. म्हणजे आत रत्नपारखी सरांचा हात थरथरत होता, आणि त्याच हाताखाली लोचनाबाईंना झोपवण्याचा शब्द तिने दिला होता. तिने इम्तियाज मुल्लाला कँटीनमध्ये गाठलं. तो तिच्याच बॅचचा, पण डॉ. चौगुल्यांच्या सावलीकडे शिकत होता.

"आमच्या चौगुले सर वेगळंच सांगत होत्या," इम्तियाज आवाज खाली आणून म्हणाला. "रत्नपारखींच्या सावलीला म्हणे विभागप्रमुख व्हायचंय. म्हणून मुद्दाम हात हलवून दाखवते. लोक बोलायला लागले की सर आपोआप जातील."

"आणि चौगुल्यांच्या सावलीला काय व्हायचंय?"

इम्तियाजने हातातला समोसा खाली ठेवला. "हे मी विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

कोण खोटं बोलतंय हे ठरेना, तेव्हा निशिगंधाने सरळ रत्नपारखी सरांचं दार ठोठावलं. सर चहा पीत होते. तिने आधी त्यांच्या हाताकडे पाहिलं. कप बशीवर टेकला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

"सर, तुमच्या सावलीचा हात थरथरतो."

"थरथरणारच," सर म्हणाले.

"पण का?"

"मग मी थरथरू का?" त्यांनी खरोखरच विचारलं, जणू तिचं मत हवं होतं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सर्जन झालो त्या पहिल्या वर्षी माझ्या हातून एक पेशंट जवळजवळ गेला होता. तेव्हापासून भीती आहेच. जाणार कुठे ती? दिव्याखाली नेता येत नाही, म्हणून ती धरून कुणालातरी बाहेर बसावं लागतं. सावली धरते. सोपं काम नाही ते. उद्या पडोळेबाईंच्या ऑपरेशनला आत ये तू."

"मी? पण सर, माझे टाके फाटतात."

"टाक्यांबद्दल माझ्याकडे चांगला अहवाल आहे," सर म्हणाले.

यावर तिचा विश्वास मुळीच बसला नाही. चांगला अहवाल कुणाचा, हेही तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी ती हिरवे कपडे घालून शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी आली. रत्नपारखी सर आत गेले. त्यांची सावली उंबरठ्यावर सुटी झाली आणि सवयीने बाकाकडे गेली. निशिगंधाच्या बाजूने जाताना ती म्हणाली, "तुझी तयारी उत्तम झाली आहे. घाबरायचं ते सगळं बाहेर घाबर."

"बरं, सर," निशिगंधा म्हणाली.

"तुला नाही म्हटलं," सावली म्हणाली.

निशिगंधा वळली. मागच्या भिंतीवर तिची स्वतःची सावली उभी होती आणि मान डोलवत होती. निशिगंधाने मान डोलावली नव्हती. मग त्या सावलीने हवेत दोन्ही हात उचलले आणि एक गाठ मारून दाखवली, घट्ट, सरळ, कुठे न ओढता.

एवढे महिने शिकवणी कुणाची चालली होती, ते निशिगंधाला तिथे कळलं. तिला फसवणूक झाल्यासारखं वाटलं. भांडावं असं तिच्या मनात आलं होतं, पण कुणाशी भांडायचं ते ठरेना, आणि आतून सिस्टरने हाक मारली.

दिव्याखाली ती उभी राहिली तेव्हा तिला अंग हलकं वाटलं. भीती शोधून पाहिली तर सापडली नाही. सरांनी पोट उघडलं. त्यांनी सांगितलं तशा तिने जखमेच्या कडा ओढून धरल्या, सांगितलं तेव्हा सोडल्या. एकदा रक्त उसळून आलं. सरांचा हात शांतपणे आत गेला आणि रक्त थांबलं. त्याच वेळी दाराबाहेर बाक खडखडल्याचा आवाज आला. कुणीच तिकडे पाहिलं नाही.

शेवटी सर बाजूला झाले. "वरचे टाके तू घे."

तिने घेतले. कातडी फाटली नाही. मावशींना दुखतंय असं समजत ती सुई घालत गेली.

बाहेर आली तेव्हा दोन्ही सावल्या बाकावर खांद्याला खांदा लावून काहीतरी कुजबुजत होत्या. तिला पाहताच गप्प झाल्या.

"काय बोलत होता?" निशिगंधाने विचारलं.

"काही नाही," तिची सावली म्हणाली. सावली तिच्याशी पहिल्यांदाच बोलली होती, आणि पहिलंच वाक्य खोटं होतं याबद्दल निशिगंधाला शंका नव्हती. तरी दोघींना वॉर्डात जायचं होतं. पॅसेजमध्ये सावली तिच्यापेक्षा जरा पुढेच चालत होती.

संध्याकाळी लोचनाबाई नीट शुद्धीवर आल्या. त्यांनी पोटावरच्या पट्टीवरून बोटं फिरवली, पाणी मागितलं, आणि इतक्यात पाणी नाही म्हटल्यावर निशिगंधाला एक शिवी घातली. निशिगंधाने ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसले. मग बाईंची नजर पलंगापलीकडच्या भिंतीवर गेली आणि तिथेच थांबली.

"ह्या दुसऱ्या बाई कोन?"

निशिगंधाने जरा विचार केला. "माझ्यासोबतच्या आहेत," ती म्हणाली.

"थकल्यासारख्या दिसतेत. उभ्या काहून हायेत? बसाले सांग ना त्यायले."

सावली स्टुलावर बसली. निशिगंधा उभीच राहिली आणि बाईंची नाडी मोजू लागली.