पगारवाढीचा आग्रह

परदेशातून आणलेल्या माणसाला स्वस्तात राबवून घेतलं जाऊ नये, अशी जर्मन सरकारची मनापासून इच्छा आहे. त्यासाठी सरकारने किमान पगाराची एक रेघ आखली आहे. डेटाबेस सांभाळायला आलेल्याला ब्लू कार्ड, म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, हवं असेल, तर त्याचा पगार त्या रेघेच्या वर असला पाहिजे. आणि दर जानेवारीला ती रेघ थोडी वर सरकते. यात नाव ठेवायला कुठे जागाच नाही. हृषिकेश खांबेटे त्या रेघेच्या खाली गेला, त्यात सरकारची तर काडीचीही चूक नव्हती. चूक होती त्याच्या आईने लावलेल्या वळणाची.

हृषिकेश गेर्लिंगेन गावाच्या बाहेर हाल्मश्टेटर नावाच्या कंपनीत नोकरीला होता. कंपनी पंपांना लागणारी रबरी सीलं बनवायची, आणि कुठल्या पंपाला कुठलं सील बसतं याचा अगडबंब डेटाबेस हृषिकेश सांभाळायचा. ऑक्टोबरात त्याचे साहेब, हेर म्हणजे श्रीयुत क्नॉडलर, यांनी त्याला वार्षिक आढाव्यासाठी खोलीत बोलावलं, समोर पाण्याची बाटली ठेवली, चष्मा पुसला आणि विचारलं, "हेर खांबेटे, तुम्हाला पगारवाढ हवी आहे का?"

आता हृषिकेश पडला मिरजेचा. कुणाच्या घरी लाडवाची बशी पुढे आली, की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा आली की "अहो खरंच नको, आत्ताच खाऊन आलोय" म्हणायचं. तिसऱ्यांदा आली की "बरं, अर्धा द्या" म्हणून दोन खायचे. लहानपणी एकदा त्याने पहिल्याच फेरीत लाडू उचलला होता, तर आईने घरी आल्यावर त्याचा कान असा पिळला, की तो धडा अजून कानात आहे. बशीत लाडवाऐवजी पगार आला म्हणून वळण थोडंच बदलतं? तो लाजून हसला आणि म्हणाला, "छे छे, राहू द्या. आहे ते पुष्कळ आहे."

"गूट," हेर क्नॉडलर म्हणाले. त्यांनी तशी नोंद केली, हृषिकेशचा हात गदागदा हलवला आणि असा समंजस कर्मचारी आपण आयुष्यात पाहिला नाही असं सांगितलं. हृषिकेश दारापाशी थोडा रेंगाळला. खिडकीतून हवा कशी आहे ते पाहिलं. हवा चांगली होती असंही बोलून दाखवलं. दुसऱ्यांदा कोणी काही विचारलं नाही.

"अरे, पण तू सरळ हो का नाही म्हणालास?" घरी ऊर्मिलाने कपाळाला हात लावला. ऊर्मिला म्हणजे त्याची बायको, आणि घरातलं व्यवहारज्ञान सगळं तिच्या वाट्याला आलेलं.

"परत विचारतील असं वाटलं गं."

"जर्मन माणूस परत विचारतो? मी शेजारणीकडे कॉफीला एकदा नको म्हटलं, तर तिने मशीन पुसून कपाटात ठेवलं. वर मला कोरडं बसवून तासभर बागेचे फोटो दाखवले."

जानेवारीत रेघ वर सरकली आणि आउसलेंडरबेहोर्डेचं, म्हणजे परदेशी माणसांच्या कचेरीचं, पत्र आलं. कार्ड मार्चअखेर संपतंय, पगार मर्यादेपेक्षा किंचित कमी आहे, वाढीव पगाराचा करार आणा, नाहीतर पुढचं तुमचं तुम्ही बघा. हे शेवटचं वाक्य सरकारी भाषेत फारच सभ्य होतं, त्यामुळे हृषिकेशने ते तीनदा वाचलं. ऊर्मिलाला एप्रिलपासून गावातल्या बालवाडीत शिकवायची जागा मिळाली होती, दोन वर्षं भाषेशी झटापट करून. कुहू, त्यांची मुलगी, आता झोपेतसुद्धा जर्मनमध्ये भांडायची. कार्ड गेलं की हे सगळं गुंडाळून मिरजेला, आणि कारण काय, तर हृषिकेश लाजून नको म्हणाला.

तो धावत कंपनीच्या मनुष्यबळ विभागात फ्राउ कीफर यांच्याकडे गेला. बाई सज्जन होत्या. नियमाबाहेरचं त्यांना काही दिसायचं नाही, पण नियमाच्या आत त्या माणसासाठी जीव टाकायच्या.

"पण तुम्ही वाढ नाकारली आहे," त्या म्हणाल्या.

"तो नकार नव्हता."

"मग काय होतं?"

"सुरुवात होती."

फ्राउ कीफर यांनी पेन खाली ठेवलं. हृषिकेशने त्यांना लाडवाची पद्धत समजावली. त्यांनी ती एखाद्या अपघाताची हकीकत ऐकावी तशी ऐकली. मग म्हणाल्या, की नाकारलेली वाढ पुढच्या ऑक्टोबरपर्यंत पुन्हा देता येत नाही. ज्यांनी मागितली त्यांना मिळाली नाही आणि ज्याने नको म्हटलं त्याला दिली, हे कळलं तर कामगारांची समिती कंपनी डोक्यावर घेईल. मात्र कंपनीच्या विविधता धोरणाप्रमाणे कर्मचाऱ्याच्या रूढींचा आदर करणं बंधनकारक आहे. नकार हा रूढीचा भाग असेल, तर तो नकार धरता येणार नाही. "आल्झो, तर मग तशी रूढी आहे याचा दाखला आणा. शिक्क्याचा."

शिक्का होता 'स्नेहरंग' मराठी मंडळाकडे, गणपतीच्या वर्गणीच्या पावत्यांवर मारायचा. मंडळाचे अध्यक्ष पंढरीनाथकाका चाळीस वर्षांपूर्वी या देशात आलेले. त्यांनी तातडीने कार्यकारिणी बोलावली. विषय: मराठी माणसाचे किती नकार म्हणजे होकार. साबुदाण्याची खिचडी आणि एकच विषय असूनही बैठक दुपारभर चालली.

"दोन नकार," काका म्हणाले. "तिसऱ्याला हो. जा, यात चर्चा कसली?"

"आमच्या कोल्हापुरात नको म्हणायला तोंड मोकळं लागतं," श्रीरंग पाटील म्हणाले. "ते आम्ही पाहुण्याचं ठेवतच नाही."

"पुण्यात एकदाच विचारतात," शुभदाताई थंडपणे म्हणाल्या. "तेही 'जेवूनच आला असाल ना' असं. तेव्हा हा रिवाज सगळ्या महाराष्ट्राचा म्हणून खपवू नका. माझं विरुद्ध मत नोंदवा."

यावर जी जुंपली ती विचारू नका. अखेर काकांनी तोडगा काढला आणि दाखला असा निघाला: सरासरी दोन नकार, दुसऱ्या नकाराच्या वेळी संकोच व आत्ताच खाऊन आल्याचा उल्लेख आवश्यक, तिसऱ्या वेळी होकार, पुणे महानगरपालिकेची हद्द वगळून. खाली शिक्क्यातला गणपती. शपथबद्ध भाषांतरकाराने त्या गणपतीचंही भाषांतर केलं आणि त्याचे वेगळे पैसे घेतले.

फ्राउ कीफर यांनी दाखला वाचला आणि त्यांचे डोळे चमकले. पण कागद एकदा कायदा विभागाकडे गेला की तो एकटा परत येत नाही. कायदा विभागाने एक साधी शंका काढली. हेर खांबेटे यांचं नाही म्हणजे नाही नसेल, तर त्यांचं हो म्हणजे काय असतं?

हेर क्नॉडलर यांनी आपल्या जुन्या नोंदी काढल्या. "मे महिन्यात मी विचारलं होतं, बॅकअप परत उभा करून पाहिलात का? तुम्ही हो म्हणालात."

"मी 'हो, होऊन जाईल' म्हणालो होतो."

"झालं होतं का?"

"होणारच होतं."

साहेबांनी नोंदींचं पुढचं पान उलटलं. त्यांच्या कपाळावरची शीर हृषिकेशने प्रथमच पाहिली. "आणि नवीन सर्व्हरवरची बदली शुक्रवारी शंभर टक्के पूर्ण होईल, असं तुम्ही म्हणाला होतात."

"झाली की शुक्रवारीच," हृषिकेश प्रांजळपणे म्हणाला. "कुठला शुक्रवार ते आपण ठरवलं नव्हतं."

झालं, कंपनीत हलकल्लोळ माजला. हृषिकेशचे सगळे होकार तात्पुरते स्थगित झाले. मग त्याच्या विभागातल्या इतर भारतीयांचे. तमिळ सहकाऱ्याने लेखी कळवलं की आमच्याकडे मान हलते त्याचे चार अर्थ आहेत, त्याची वेगळी फाइल करा. मग इटलीचे, मग पोलंडचे. शेवटी चौकशी श्वाबेनच्या, म्हणजे त्याच भागातल्या, मूळ रहिवाशांपर्यंत आली, तेव्हा उघड झालं की हेर क्नॉडलर ज्याला "वाईट नाही" म्हणतात ती त्यांच्या लेखी तोंड भरून केलेली स्तुती असते. त्यांची सेक्रेटरी हे ऐकून रडली. तिला वाटत होतं आपण इतकी वर्षं जेमतेम टिकून आहोत.

एवढा सगळा गोंधळ निस्तरायचा तर त्याला अधिकारी हवा. कंपनीत आगीसाठी अधिकारी होता, शिडीसाठी होता, कचऱ्याच्या वर्गीकरणासाठी तर दोन होते. तेव्हा 'आग्रह अधिकारी' असं पद निर्माण करण्यात आलं. पद रिकामं, पगार रेघेच्या भरपूर वर, आणि शिक्क्याचा दाखला असलेला माणूस सबंध कंपनीत एकच. फक्त कार्डासाठी काम पदवीशी जुळायला हवं आणि हृषिकेशची पदवी पडली संगणकाची. म्हणून पदाचं नाव 'डेटाबेस प्रशासक, आग्रह' असं केलं आणि कर्मचाऱ्यांचे होकार-नकार अर्थासह साठवायचा एक डेटाबेस मंजूर झाला. कायदा विभाग या युक्तीवर इतका खूश झाला, की त्यांच्यातल्या एकाने "वाईट नाही" असं म्हटलं.

फ्राउ कीफर यांनी हृषिकेशला बोलावून गंभीरपणे विचारलं, "हे पद आणि हा पगार तुम्हाला मान्य आहे का?"

"हो," हृषिकेश जवळजवळ खुर्चीतून उठलाच.

बाईंनी दुःखाने मान हलवली. "हा होकार मला घेता येणार नाही. दाखल्याप्रमाणे आधी दोन नकार लागतात. कृपया नाही म्हणा."

कार्ड संपायला आलेलं, बायकोची नोकरी टांगणीला, आणि हृषिकेश छातीवर दगड ठेवून नाही म्हणाला. मग विचार करायला नियमाप्रमाणे पंधरा दिवस. ते संपल्यावर दुसरा नकार, संकोचासह. खाऊन आल्याचा उल्लेख आवश्यक होता, म्हणून तो "आत्ताच मागचा पगार झालाय" असं म्हणाला. तो ग्राह्य धरावा की नाही यावर पुन्हा चार दिवस गेले. मार्च संपत आला. ऊर्मिलाला खरी धास्ती वेगळीच होती. तिने सगळा आठवडा त्याला घरी घोकून घेतलं, बशी पुढे करून. कारण तिसऱ्या फेरीला त्याच्या तोंडून सवयीने "बरं, अर्धा द्या" निघालं असतं, तर फ्राउ कीफर यांनी निम्मा पगार लिहून घेतला असता आणि कुणाचा बापही तो बदलू शकला नसता.

"मान्य आहे का?" फ्राउ कीफर यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

हृषिकेशच्या ओठांवर "अर्धा" आलं होतं. ते त्याने गिळलं. "पूर्ण द्या," तो म्हणाला, आणि मिरजेच्या दिशेने मनातल्या मनात आईची माफी मागितली.

कार्ड आलं. ऊर्मिला बालवाडीत रुजू झाली. त्या रविवारी त्यांनी पंढरीनाथकाकांना श्रीखंड-पुरीचं जेवण घातलं, आणि काकांनी दाखल्यात म्हटल्याप्रमाणे दोनदा नको म्हणून सहा वाट्या श्रीखंड खाल्लं. हृषिकेश इतका आनंदात होता की वाढता वाढता स्वतःचं पान मांडायलाच विसरला.

आता सीलांचा डेटाबेस बघणार कोण, हा प्रश्न उरला. दुसरा माणूस आणायचा तर पुन्हा कार्ड, पुन्हा रेघ, पुन्हा पगार. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रेघ फक्त जर्मनीत आहे. माणूस भारतातच आपल्या घरी बसून काम करत असेल तर त्याला कार्ड लागत नाही, आणि कार्ड लागत नाही म्हणजे रेघही लागत नाही. सरकारची कळकळ सरहद्दीपाशी थांबते. मुलाखत घ्यायला अर्थातच आग्रह अधिकारी. त्याला भाषा येते.

पडद्यावर ओवी नावाची मुलगी आली, सांगलीची. बसलेला डेटाबेस तिने दहा मिनिटांत उठवून दाखवला. हृषिकेशला त्यासाठी अर्धा दिवस लागला असता, आणि हे त्याने मनाशी कबूलही केलं. शेजारी फ्राउ कीफर टिपणं काढत होत्या.

"पगाराची काय अपेक्षा आहे?" हृषिकेशने विचारलं.

ओवी लाजली. "पगाराचं काय एवढं सर. शिकायला मिळालं तरी पुष्कळ आहे."

फ्राउ कीफर यांचं पेन थांबलं. "हे सुरुवातीचं उत्तर आहे का अंतिम? तुम्हीच सांगा, तुम्ही अधिकारी आहात."

ओवी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत पडद्याकडे पाहत होती. ती थांबली होती. कशासाठी थांबली होती, हे सबंध जर्मनीत एकाच माणसाला शिक्क्यासह ठाऊक होतं. त्या माणसाने हातातल्या अंदाजपत्रकाकडे पाहिलं.

"गेनाऊ, अगदी," हृषिकेश पक्क्या जर्मनासारखा म्हणाला. "अंतिम."

तुम्ही चिडलात ना? चिडा, त्याची लायकीच ती आहे. पण जरा दिवाळीतलं आठवा. तुम्ही तुमच्या पोळ्यांच्या मावशींना पैसे वाढवायचे का म्हणून विचारलंत. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "राहू द्या ताई, मी कुठे पळून जातेय." आणि तुम्ही हुश्श करून, किती चांगल्या आहेत हो आमच्या मावशी, असं सगळ्यांना सांगत सुटलात.