वर्गीस आधी बोलतो

शेजारचा वर्गीस माझं वाक्य माझ्याआधी बोलतो. लिफ्टमध्ये मी तोंड उघडायच्या आत म्हणतो, "घुटना दुखता है, चेची." चेची म्हणजे थोरली बहीण. हा माझ्याहून थोराड, आणि मी थोरली! खाली बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, मी पोचेपर्यंत हा सांगून मोकळा, "चेची को दही, छोटावाला." मला दहीच हवं असतं. म्हणून तर संशय येतो. ह्याला कळतं कसं? भिंतीला कान लावून बसत असणार.

मग मीही लावला.

इथं आखातात, खैतान वस्तीतल्या आमच्या इमारतीच्या भिंती पातळ. सकाळी माझा मुलगा राई भागातल्या गॅरेजात कामाला जातो, वर्गीसची नर्स मुलगी ड्युटीला. ती गेली की पलीकडे बाई रडायला लागते. आधी वर्गीस काहीतरी कुजबुजतो, मग बाई रडत तेच बोलते. त्यावर आणखी एक बाई तेच बोलते! मल्याळी मला येत नाही, पण तेच ते शब्द ओळखू येतात.

"म्हातारा दोन बायका ठेवून आहे," मी मुलाला सांगितलं. "पढवतो त्यांना."

"आई, टीव्ही असेल."

"टीव्हीला कोण पढवतं?"

इमारतीच्या राखणदाराला सांगणारच होते. पण आधी डोळ्यांनी बघावं म्हणून मिरच्यांचं निमित्त काढून गेले.

दार उघडून वर्गीस म्हणाला, "मिरची चाहिए." मी अजून बोललेच नव्हते! "बैठो चेची, सीन चालू है."

टीव्हीवर जुना काळा-पांढरा सिनेमा. नायिका रडत होती, आणि ती बोलायच्या आधी वर्गीस तिचं वाक्य कुजबुजत होता. तरी मी न्हाणीघरात डोकावून घेतलं. कोणी नव्हतं.

"ये पहले ड्रामा था. मैं प्रॉम्प्टर." विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवायचा. सिनेमावाल्यांनी नाटक घेतलं, ह्याला नाही घेतलं. घेऊन करणार काय? पण हा अजून पुरवतोच आहे.

"और दूसरी औरत किधर है?" मी सरळच विचारलं.

त्यानं बोट दाखवलं. टीव्हीला टेकवलेल्या मोबाइलात, व्हिडिओ कॉलवर, पिकल्या केसांची बाई. ह्याची बायको. नाटकात नायिका ती होती, सिनेमात दुसरीला घेतलं. मुलांनी आईबापांची वाटणी केलेली: ती केरळात मुलाकडे, हा इथं मुलीकडे. आता तिला माणसं ओळखू येत नाहीत. नवराही नाही. वाक्य पुरवलं की तेवढं बोलते.

"जिस दिन लाइन नहीं बोलेगी..." म्हणाला आणि सिनेमाकडे वळला.

पुढचं वाक्य कुजबुजला. टीव्हीतली बोलली. मोबाइलातली गप्प. पुन्हा कुजबुजला. गप्प. त्यानं सिनेमा थांबवला. तोंड पार उतरलं. मलाही उठून जावंसं वाटलं, पण मिरच्या मिळाल्या नव्हत्या.

तेवढ्यात मोबाइलातली बाई काहीतरी बोलली. एवढंसंच.

वर्गीस मोबाइलाकडे झुकला.

"क्या बोली?"

"पूछती है, खाना खाया?" मोबाइल त्यानं दोन्ही हातांत घेतला. "चेची, ये ड्रामा में नहीं है."

"तो जवाब दो ना!"

त्याचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. आणि ती बाई त्याच्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होती.