अ बाजू, ब बाजू

सोनकांबळे साहेब कुणाच्याही घरी गेले की खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून बघतात. यजमान पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येतो तेव्हा पाहुणा उकिडवा बसलेला असतो आणि खुर्ची पाय वर करून पडलेली असते. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाही हेच झालं. "सर, या एका खुर्चीला पाच तऱ्हेचे स्क्रू हायेत," ते मला म्हणाले. "बनवणाऱ्याला माणसाची दया न्हाई." या पाहुण्याला चहा द्यावा की पाना, हे माझ्या बायकोला कळेना.

अहमदपूरच्या आमच्या कॉलनीत साहेब माझे शेजारी. लातूरच्या एका तंत्रनिकेतनात त्यांनी जन्मभर बांधकाम शिकवलं आणि निवृत्त झाल्याबरोबर ते बांधकामाच्याच विरोधात गेले. विटा, वाळू, पाणी मारणं, गवंड्याची वाट बघणं, सगळा रानटीपणा. त्यांच्या मते घर बांधायचं नसतंच. ते वर्कशॉपात तुकड्यातुकड्यांनी तयार करायचं, टेम्पोत घालून जागेवर न्यायचं आणि बोल्ट आवळून उभं करायचं. सगळा विचार आधी कागदावर, जागेवर फक्त जुळणी. "साइटवर अक्कल चालवायची न्हाई," हे त्यांचं ब्रीद. आमच्याकडच्या बहुतेक साइटवर ती तशीही कुणी चालवत नाही, असं मी एकदा सांगून पाहिलं. साहेबांनी ते गंभीरपणे वहीत लिहून घेतलं.

असं एक घर मुखेडला उभं राहणार होतं, साहेबांच्या पत्नी शकुंतलावहिनींच्या माहेरच्या जागेवर. वहिनी सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. भोकर झालं, देगलूर झालं, मुखेड झालं; सगळी नोकरी क्वार्टरात गेली. आता म्हातारपणी आपल्या घरात, माहेरच्या कडुलिंबाखाली बसायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. एखादा बरा गवंडी लावला असता तर वर्षाच्या आत ते पुरं झालं असतं. पण साहेबांनी आधी नमुन्याची एक खोली केली आणि मग सात वर्षं ती एकच खोली सुधारत बसले.

दर रविवारी सकाळी ही खोली त्यांच्या अंगणात उभी राहायची आणि जेवणाच्या आत पुन्हा उतरवली जायची. लोखंडी चौकटीत सिमेंटचे पातळ बोर्ड बसवलेले भिंतीचे अठरा तुकडे. सगळ्यांना एकाच मापाचा बोल्ट, आवळायला एकच पाना. तुकडा उलटा बसूच नये अशा खाचा. प्रत्येकाच्या एका टोकाला रंगानं 'अ' लिहिलेलं, दुसऱ्या टोकाला 'ब'. अ बाजूला साहेब, ब बाजूला वहिनी. दोन माणसांना उचलणार नाही असा तुकडा करायचाच नाही, हा नियम. त्यातलं एक माणूस सत्तरीला टेकलेलं आणि दुसऱ्याला गुडघ्यांनी सोडून दिलेलं, ही किरकोळ बाब.

मी गच्चीवर चहा घेत हा सोहळा बघायचो. साहेबांनी बायकोला म्हातारपणी हमालीत भरती केलंय, असं मी कॉलनीभर सांगत फिरलो आणि लोक पोटभर हसले. वहिनींना विचारलं तर त्या म्हणायच्या, "मला कायी जड लागत न्हाई, भाऊजी. त्येच दमत्यात." नवऱ्याची बाजू राखायची म्हटल्यावर बायका काय वाटेल ते बोलतात, असं मी मनात म्हणायचो.

शिवाय प्रत्येक तुकड्याला उचलायला दोन मुठी होत्या, आणि त्या धड लावलेल्या नव्हत्या. ब बाजूची अगदी कडेला आणि अ बाजूची पार आत, जवळजवळ मध्यावर. त्यामुळे चालताना साहेबांच्या पाठीमागे निम्मी भिंत लोंबत असायची. गावाच्या खुर्च्या उलट्या करणाऱ्याला दोन मुठी सारख्या अंतरावर लावता येत नाहीत, याचा मला मनापासून आनंद व्हायचा. एकदा मी तो बोलून दाखवला. साहेबांनी पाना पुसला आणि माझ्या गेटच्या बिजागरीचा विषय काढला.

सात वर्षांनी साहेबांना एकदाची खोली पसंत पडली. टेम्पो ठरला. त्याच आठवड्यात वहिनींना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगतो, त्याहून जास्त राग आला. या माणसाच्या हौसेपायी त्या बाईच्या वाट्याला आपलं लिंबाचं झाड आलं नाही. सांत्वनाला गेलो तेव्हाही मी धड बोललो नाही. पुढे कित्येक रविवार अंगणात काही हाललं नाही.

मग एका रविवारी सकाळी कटरचा आवाज आला. गच्चीवरून पाहिलं तर अठराही तुकड्यांवर मधोमध खडूची रेघ ओढलेली, आणि साहेब पहिल्या तुकड्यापाशी कटर घेऊन बसलेले. हे काय चाललंय, मी विचारलं.

"अर्धे करायलो. मुखेडला तर न्यायचंच हाय," ते वर न बघता म्हणाले. "आता उचलायला एकटाच हाय."

माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक. मी खाली उतरलो, त्यांच्या हातातला कटर बाजूला ठेवला आणि रिकाम्या ब बाजूला जाऊन उभा राहिलो. साहेब उठून अ बाजूला आले. माझी कंबर दुखरी, म्हणून दात आवळून सगळा जोर लावला. तर माझं टोक असं झटकन वर आलं की मी पडता पडता राहिलो. माझ्या हातात वजनच नव्हतं. समोर मध्यावरची मूठ धरलेल्या साहेबांच्या मानेच्या शिरा मात्र टरारून फुगल्या होत्या.

आम्ही तुकडा खाली ठेवला. मी दोन्ही मुठींकडे बघत राहिलो.

"साहेब, माझ्याकडे भारच येत नाही."

"यायचा न्हाईच. ती तिची बाजू हाय."

"वहिनींना हे माहीत होतं?"

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. "कळलं असतं, तर ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली असती."

सात वर्षं चहा पीत जे मी वरून बघत होतो, ते मला दिसलंच नव्हतं, याची लाज वाटली. शेवटी म्हणालो, साहेब, आता तरी बाजू बदलू, मी तुमच्याहून तरणा आहे. ते कपाळाचा घाम पुसत पुन्हा मध्यावरच्या मुठीपाशी वाकले.

"साइटवर अक्कल चालवायची न्हाई, सर. धरा."

मी ब बाजूची मूठ धरली.